धोटा जाळला, आकडा ठेवला

विणकाम खात्याच्या मास्तरांनी मागावरचा लाकडी धोटा पेटत्या शेगडीत फेकला. मी हात लावला होता म्हणून. लाकूड शुद्ध होत नाही म्हणे. मी केलेला लोखंडी आकडा मात्र त्यांनी चिमट्यात धरला, आगीतून फिरवला, गार केला आणि खिशात घातला. लोखंडाचा विटाळ आगीनं जातो.

अख्खं विणकाम खातं बघत होतं.

मी महार. नागपूरच्या त्या मिलमध्ये आम्हाला सूतखात्यात काम मिळे, विणकाम खात्यात नाही. मजुरी तिथे जास्त. पण मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तो धागा तोंडानं ओढावा लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या ओठाला. तुमचं उष्टं कोण चोखणार, विणकर म्हणत.

मला एक माग हवा होता. बस. म्हणून छत्रीची काडी घासून आकडा करायला बसलो. तोंड न लावता धागा ओढणारा. आमच्या सूतखात्याच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, सगळे दादा म्हणत. त्यांनी मोडका धोटा आणून दिला, जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या कोपऱ्यात बसू दिलं. धागा तुटे. पुन्हा तुटे. दादा हसत, "थुका वाचवून राहिला का गा?" मग म्हणत, "कर तू. बिघडलं तं माह्या नावावर." त्या एका वाक्यावर मी दोन महिने घासत राहिलो.

आकडा जमला. मी मास्तरांकडे सौद्याला गेलो. त्यांच्याच खात्यातला धोटा उचलून सगळ्यांदेखत धागा ओढून दाखवला. म्हटलं, "तोंड लागलंच नाही. सगळ्या खात्याले आकडे फुकट करून देतो. मले एक माग द्या."

"माग पायजे?" मास्तर हसले. "उद्या माह्या पाटावर जेवाले बसशीन!"

आणि धोटा शेगडीत गेला.

महिन्याभरात प्रत्येक विणकराच्या हातात माझा आकडा होता. गोऱ्या साहेबाची शाबासकी मास्तरांना. दादा भांडायला गेले, "ज्यानं केला त्याले माग द्या." त्यांचं जॉबरपण काढून घेतलं. कोपरा गेला. सूतखात्यात आता कुणी काही करून बघत नाही. बिघडलं तर कुणाच्या नावावर?

मागावरचा धागा कमी तुटावा, अशी आणखी एक युक्ती मला सुचली आहे. सुचली एवढंच एकदा बोलून गेलो, काय ते नाही; मास्तरांना कुणकुण लागली. तीनदा गोड बोलून गेले. मी म्हटलं, "आधी माग."

माग मिळणार नाही, ठाऊक आहे. छातीत कापूस भरलाय, फार दिवस उरले नाहीत. तरी ती युक्ती मी कुठे बनवली नाही, कुणाला सांगितली नाही. माझ्यासोबत मातीत जाईल. उकरून पाहा म्हणावं. या वेळी आकडा हाती लागणार नाही.