राणीकडं रजा मागणाऱ्या बायका

सासूबाई आयर्लंडला आल्या त्या सहा आठवड्यांसाठी. पण आमच्या लेकीला पाळणाघरात जागा मिळायला त्यानंतरही महिना होता, आणि मी कामाला जाते त्या लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीत मला काही बाळाला कडेवर घेऊन शिरू देत नाहीत. तेव्हा सासूबाईंचं शनिवारचं तिकीट पुढं ढकलायचं, हे मी आणि नवऱ्यानं परस्पर ठरवून टाकलं. व्हिसा शिल्लक होता, घर उबदार होतं, नात गोड होती. फक्त त्यांना सांगायचं बाकी होतं, आणि ते काम नवऱ्यानं शिताफीनं माझ्या गळ्यात मारलं.

घरात बसून सांगायला जीभ रेटेना, म्हणून रविवारी त्यांना नास गावाजवळच्या एका जुन्या जमीनदाराच्या भल्यामोठ्या घरात फिरायला नेलं. नवरा बाळाला घेऊन बागेत थांबला. आत प्रदर्शन होतं: चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या राणीच्या दरबारातल्या बड्या घरच्या बायका, त्यांचे कपडे, त्यांचं राहणीमान. गाईड म्हणजे पिकल्या केसांचा, गप्पिष्ट आयरिश माणूस. तो एक वाक्य बोलायचा, मी मराठीत त्याची दोन करून सांगायचे. हौस दांडगी.

सासूबाई कोल्हापूरकडच्या. झग्यांवरचे मोती आणि जरीकाम त्यांनी एका नजरेत निकालात काढलं. "दिसभर उभ्याच ऱ्हायच्या का ह्या?"

गाईड म्हणाला, राणीनं परवानगी दिली तरच बसायचं, तेही जमिनीवर, उशी टाकून.

"आणि पोरं?"

पोरं लांब गावी, दाईपाशी.

"मग घरला कधी सोडायची राणी?"

तिची मर्जी होईल तेव्हा. आजारपण, बाळंतपण, काहीतरी कारण काढून रजा मागायची, आणि ती नाही म्हणाली तर मुकाट राहायचं.

मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगत होते. वर राणीवर तोंडसुखही घेतलं. "बघा ना आई, काय मेली दुष्ट बाई."

सासूबाई काचेमागच्या झग्याकडं बघत म्हणाल्या, "त्याला इचार, एखादीनं रजा मागितलीच न्हाई, तर राणीला कळायचं का, हिला घरची ओढ लागलीय म्हणून?"

मी विचारलं. गाईड हसला. म्हणाला, राणीला कशाला कळतंय? तिला वाटायचं, दरबारात इतकं छान आहे, सोडून जावंसं कुणाला वाटेल?

ह्याचं मराठी मात्र मी दोन शब्दांत उरकलं. "नाही म्हणाला." तिकिटाची आमची कुजबुज ह्यांच्या कानावर गेली होती तर. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. सरळ बोलायला काय झालं होतं ह्यांना? मग लक्षात आलं की आम्ही तरी सरळ कुठं विचारलं होतं.

खालच्या कॅफेत आम्ही दोघीच चहा घेऊन बसलो. महिनाभर बाळाचं काय करायचं, ते मला अजिबात सुचलं नव्हतं. तरी बोलून टाकलं, "आई, तुम्हाला शनिवारी जायचंय ना?"

त्यांनी कप बशीत ठेवला.

"जाऊ?"

चेष्टेत विचारलं असतं, तर मीही हसून मोकळी झाले असते. पण त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या.