डाव्या सीटवर गप्प बसणं

दत्तूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुंबईच्या टीव्ही केंद्रात, प्रेक्षकांच्या पत्रांच्या खोलीत बसले होते. चौक गावच्या किराणा दुकानदाराचा आवाज होता. मामा दुपारचा जेवून पडला तो उठलाच नाही, एवढं सांगून तो बिचारा थांबला. हातातलं अर्धं वाचलेलं पत्र मी पाकिटात परत घातलं, आणि त्या दिवशी मग दुसरं उघडलंच नाही... त्याला आता पाच आठवडे झाले.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आम्ही दहिवलीचे, तो चौकचा. वीस वर्षं त्याने मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक चालवला, आणि पाठ धरायला लागली तेव्हा एक जुनी मोटार घेऊन गावातच गाडी शिकवायला सुरुवात केली. खोपोलीपासून पनवेलपर्यंतचे निम्मे ड्रायव्हर त्याच्या हाताखालून गेले असतील. शिकणारा स्टिअरिंगवर, मामा डाव्या सीटवर, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. घरी अबोल असलेला हा माणूस गाडीत बसला की थांबत नसे. मामी म्हणायची, यांना माझ्याशी दोन शब्द बोलायला लावायचे तर मला गाडी शिकावी लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रावर मोटारींविषयीचा एक कार्यक्रम महिन्यातून एकदा लागायचा आणि त्याची पत्रं वाचण्याचं काम माझ्याकडे होतं. आमच्या निर्मात्यांचं ठाम मत होतं की प्रेक्षकांना नवी मॉडेलं, परदेशी गाड्या आणि वेग बघायचा असतो. पत्रं मात्र वेगळंच सांगत. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे गाडी नव्हतीच. कुणी विचारायचं, पावसात स्कूटर बंद पडली तर आधी काय बघावं. एका बाईने लिहिलं होतं की नवरा ट्रकवर आहे, कधीमधी मीही बरोबर जाते, तर इंजिनाच्या कुठल्या आवाजाला घाबरायचं ते एकदा दाखवा. मी अशी पत्रं निवडून निर्मात्यांच्या टेबलावर ठेवायची आणि ती दोन दिवसांनी तशीच माझ्या टेबलावर परत यायची.

एकदा त्या ढिगात मामाचं पोस्टकार्ड निघालं. माझ्या नावाने नव्हे, कार्यक्रमाच्या नावाने. आमचा सूत्रसंचालक श्रीकांत याने मागच्या भागात पेट्रोल वाचवायच्या युक्त्या सांगितल्या होत्या आणि उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली होती. मामाने लिहिलं होतं, "तुमच्या माणसाने दाखवले ते बघून उद्या कोणीतरी घाटात तसेच करील. त्याला इकडे पाठवा. घाट कसा उतरतात ते मी दाखवतो." मी ते कार्ड घेऊन तडक आत गेले. या वेळी निर्माते हसले, आणि हो म्हणाले. घाट, दरी, वळणं... त्यांना चित्र दिसायला लागलं होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी नऊला आम्ही खंडाळ्याच्या बाजूने घाट उतरायला सुरुवात केली. श्रीकांत स्टिअरिंगवर, मामा डावीकडे, मागे कॅमेरामन आणि मी. निर्माते पुढे गेलेल्या जीपमध्ये होते. पहिल्या खेपेला मामा सांगत गेला तशी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, घुमत, संथ उतरली. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, इंजिन धरून ठेवतं, ब्रेकला विसावा मिळतो, असं तो सांगत होता. खाली आल्यावर निर्माते म्हणाले की हे फार सपक झालं, पुन्हा घेऊ, जरा जोरात. दुसऱ्या खेपेला श्रीकांत तिसऱ्यात उतरला आणि ब्रेक दाबत राहिला. मामाने खाली आल्यावर तापलेल्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. गाडी तासभर उभी ठेवा, असं त्याने सुचवलं. ऊन सरकतंय, एकच खेप राहिली, असं निर्मात्यांचं उत्तर आलं. मामा धोतर सावरून गाडीत बसला.

तिसऱ्या खेपेला वरून निघाल्यावर पहिल्याच सरळ पट्ट्यात श्रीकांतने गाडी टॉपला, म्हणजे चौथ्या गिअरात, टाकली. मी मागून मामाचा चेहरा बघत होते. त्याची नजर गिअरच्या दांड्यावर गेली, तिथे क्षणभर थांबली, आणि मग तो खिडकीबाहेर बघायला लागला. डाव्या सीटवर मामाला गप्प बसलेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. दोन वळणं गेली. करपल्यासारखा वास यायला लागला. तिसऱ्या वळणाआधी श्रीकांतने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, आणि त्याचा गुडघा पार खाली गेलेला मला दिसला. गाडी धरत नव्हती. पुढे एक भरलेला ट्रक कण्हत उतरत होता आणि समोरून एसटी वर येत होती.

"पाय काढ रं," मामा म्हणाला. सकाळपासून तो त्याला श्रीकांतराव म्हणत होता. "काढ पाय. दाबून नाय धरायचं. क्लच. तिसरा घाल. जाईल, घाल." दात खरवडल्यासारखा आवाज झाला आणि गिअर पडला. आम्ही सगळे पुढे फेकलो गेलो. एसटी अगदी अंगालगत गेली. ट्रकची मागची फळी इतकी जवळ आली की तिच्यावरची अक्षरं मला वाचता येत होती. "आता दुसरा. रस्त्याकडं बघ, माझ्याकडं नको बघू." दुसरा पडेना. मामाने उजव्या हाताने हातब्रेक धरला आणि थोडा थोडा ओढायला लागला. "म्होरं डाव्या अंगाला खडीचा ढीग हाय. डोंगराला लागून. तिथं घालायची. दरीकडं नाय बघायचं, ढिगाकडं बघ." श्रीकांत रडत होता, पण त्याने बघितलं. गाडी ढिगात शिरली, तिरकी झाली, आणि थांबली. इंजिन बंद पडलं तेव्हा किती शांत झालं... वरून घरंगळणारी खडी टपावर वाजत होती, तेवढीच. मामाने आम्हा तिघांची नावं एकेक करून घेतली. आम्ही ओ दिली. मग त्याने आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. मनगट भलतीकडेच वळलेलं होतं.

कॅमेरा या सगळ्या वेळात चालू राहिला होता. आठ दिवसांनी निर्मात्यांनी ते चित्रण जोडून काढलं. ब्रेक निकामी होतात तिथपासून खडीच्या ढिगापर्यंत, श्वास रोखायला लावणारं. प्रेक्षकांना हेच हवं असतं, असं ते म्हणाले, आणि त्या दिवशी मलाही ते नाकारता येईना. मामाला बघायला बोलावलं. तो प्लास्टर गळ्यात अडकवून एसटीने आला, अंधाऱ्या खोलीत सगळं बघितलं, आणि विचारलं की याच्या आधीचं कुठं गेलं? आधीचं म्हणजे कुठलं, ते निर्मात्यांना कळेना. मला कळलं. मी कॅमेरामनला तो तुकडा शोधायला सांगितला. मामाची नजर गिअरवर जाते, थांबते, आणि तो बाहेर बघायला लागतो... पडद्यावर ते चार सेकंदांचंसुद्धा नव्हतं.

"ह्ये कापू नका," मामा म्हणाला. "ब्रेक मागनं गेला. गाडी हितंच गेलीवती. मला दिसलं, आनि मी गप बसलो. वाटलं, आपन पाव्हणे, ही मोठी मानसं, परत परत काय बोलायचं. पोटासाठी डाव्या बाजूला बसून बोलनारा मानूस मी, आनि गप बसलो."

निर्माते म्हणाले की यात बघण्यासारखं काही घडतच नाही, प्रेक्षक टीव्ही बंद करतील. मला वाटलं, विषय संपला. तेवढ्यात मागे उभा असलेला श्रीकांत म्हणाला, "मी टॉपला टाकली तेही ठेवा. नाहीतर माझं नाव काढून टाका." निर्मात्यांनी तो तुकडा परत जोडायला सांगितला. नंतर दाराशी त्यांनी मामाची माफी मागितली, गाडी उभी ठेवायला नाही म्हटल्याबद्दल. भाग लागला तो त्या तुकड्यासकट लागला. मामाने त्यावर सावकाश, कॅमेऱ्याकडे न बघता सांगितलं की आपण कुठे चुकलो.

त्या भागाला आली तेवढी पत्रं त्या कार्यक्रमाला पुन्हा कधी आली नाहीत. घाटातल्या थरारावर थोडी होती. बाकीची सगळी शेजारी बसणाऱ्यांची होती. मुलगा वेडीवाकडी गाडी चालवतो, बोललं तर चिडतो. साहेबांच्या गाडीत बसावं लागतं, ते दुपारी पिऊन चालवतात. जावयाला कसं सांगू? मामाचं मनगट वाकडंच सांधलं आणि हातब्रेक ओढता येईना, म्हणून त्याने शिकवणं बंद केलं होतं. ही पत्रं मी त्याला चौकला नेऊन दिली. वाकड्या हाताने, मोठ्या अक्षरांत, पोस्टकार्डावर मावतील तेवढ्या पाच-सहा ओळी, असं तो एकेकाला उत्तर लिहायला लागला. कार्यक्रम वर्षभरात बंद पडला, तरी लोक चौकच्या पत्त्यावर लिहीत राहिले. लिहून झालं की मामीला वाचून दाखवायचा. तिला अक्षरओळख नाही. ती भाजी निवडता निवडता ऐकायची आणि कधी म्हणायची, हे जरा कडक झालं, मऊ करा.

तेराव्यानंतर मी चौकला दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी पोस्टमन एक कार्ड टाकून गेला. रसायनीच्या एका बाईंचं. माझे यजमान नवीनच गाडी शिकलेत, भरधाव नेतात, मागे दोन मुली बसलेल्या असतात, मी बोलले की सर्वांसमोर ओरडतात, तर काय करू. मी वाचून दाखवलं आणि कार्ड बाजूला ठेवलं. त्यांना कळवते मामा गेल्याचं, म्हटलं. मामी उठली, फळीवरून एक कोरं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं आणि पाटावर बसली.

"लिही गं," ती म्हणाली. "गाडीत नको बोलू. घरी, तो जेवायला बसला की बोल. तुझ्या भ्याचं नको सांगू, पोरी भितात ते सांग. नाय ऐकलं तर दुसऱ्या येळेला पोरींना घेऊन बसूच नको. एसटीनं जा, आनि का जातेस ते त्याला सांगून जा."

मी लिहिलं. मामा गेल्याचं वर लिहू का, असं विचारलं.

"खाली लिही," मामी म्हणाली. "जागा उरली तर. आधी तिचं उत्तर पुरं होऊ दे."