हॉर्नबीतल्या गॅरेजातली वीस काडतुसं

शॉटगनची काडतुसं घरी भरायला दांडा ओढून चालवायची स्वस्त प्रेस निवडायची होती. हॉर्नबी उपनगरात एकजण आपल्या गॅरेजात दोन जुन्या प्रेस विकत होता. पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला म्हातारा, बोलणं जेमतेम. प्रत्येक काडतूस असं खाली ठेवायचा, जणू आत त्याची नात झोपलीय.

मी पटापट भरणारी निवडली. "ट्राय कर," तो म्हणाला. दांडा ओढत मी एका बारात सतरा बदकं पाडल्याची हकीकत रंगवली. वीस काडतुसं भरून झाली.

"मेट, बाराव्या बदकाशी पोचलास, तेव्हा दारू एकदा घातलीस की दोनदा?" त्याने विचारलं.

आठवेना. दुप्पट दारू म्हणजे बंदूक तोंडावरच फुटणार.

त्याने चाकू घेतला आणि एकेक काडतूस कापून दारूचं वजन केलं. जन्मात पहिल्यांदा मी तासभर गप्प बसलो. चौदाव्यात दुप्पट निघाली.

"तू ही ने," त्याने एकेकच भरणारी, अर्ध्या किमतीची प्रेस पुढे सरकवली. "आणि भरताना बदकं मारू नकोस."

आता मी प्रेसपाशी बसलो की बायको माझ्या कपाळाला हात लावून ताप बघते. मी बोलत नाही. दांडा खाली असतो, आणि डोळ्यांसमोर ते चौदावं.