नवरीचे दोन मामा आणि एक पॅसेंजर

आमच्यात लग्न लागताना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. जयसिंगपूरच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद, तिच्या लेकीला मामा दोन: आमचे हे आणि धाकटे भावजी. दोघांचं तीन वर्षं बोलणं बंद. कारण काय, तर जत्रेच्या जेवणात पांढरा रस्सा आधी कुणाच्या वाटीत पडला. एका घरात राहून दोघं माझ्यामार्फत बोलायचे. वन्संनी वैतागून निरोप धाडला, ‘‘जो आधी यील त्यो हुबा ऱ्हाईल.’’

भावजींनी कोल्हापुरातून सकाळची पॅसेंजर धरली. ह्यांनी नुकतीच एक जुनी जीप घेतली होती, ती काढली. मला रेल्वेच बरी वाटत होती, खिडकीशी बसून शेंगा खात जाता आलं असतं. पण नवऱ्याची जीप म्हटल्यावर धूळ खाणं आलंच.

रस्ता रुळांना लागूनच. पॅसेंजर स्टेशनात थांबली की आम्ही पुढे. आम्ही पुढे गेलो की तिच्याचसाठी फाटक बंद. मग भावजी खिडकीतून आमच्याकडे बघत डुलत जायचे. दोनदा असं झालं. तिसऱ्या फाटकात सिग्नल मिळेना म्हणून पॅसेंजर रस्त्यावर आडवीच थांबली, आणि भावजींची खिडकी बरोबर आमच्या तोंडासमोर.

पेट्रोल वाचवायला ह्यांनी इंजिन बंद केलं होतं. आता ते चालू होईना.

‘‘वैनी, दादाला सांगा, जीप मेली.’’

‘‘तुझ्या दिराला सांग, गप बस म्हणावं.’’

मध्ये चार हातांचं अंतर, आणि मी टपाल वाटतेय. हसूही येत होतं आणि संतापही. तेवढ्यात शिट्टी झाली. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. भावजींनी ते बघितलं आणि धोतर सावरत खाली उडी मारली. पॅसेंजर त्यांचा नवा फेटा घेऊन निघून गेली.

जीपला मागून खांदा लावत ते म्हणाले, ‘‘वैनी, दादाला सांगा, दुसऱ्या गिअरात टाका.’’

जीप धक्क्यावर सुरू व्हायची, मैलभरात परत बंद पडायची. मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नवरीच्या मागं शेजारचे टांगेवाले चाचा डोळे पुसत उभे होते. वन्सं म्हणाल्या, ‘‘धा वर्सं साळंला त्येनीच सोडलं तिला. आजबी त्येच येळंवर हुते.’’

दोघे मामा घामानं भिजलेले, खाली मान घालून उभे. मग हे भावजींकडे वळले.

‘‘उतरला नसतास तर तूच हुबा ऱ्हायला असतास की.’’

‘‘आन् तुमी एकट्यानं ढकलली असती व्हय?’’

तीन वर्षांत पहिल्यांदा मला मध्ये न घालता बोलले. मी जाऊन पंगतीला बसले.