आधी इडली

बाळांनो, आरोपीचं वकीलपत्र चांगली माणसं घेतात तरी कशी, असं परवा तुम्ही फोनवर विचारलंत. म्हणून तुमच्या मामाची गोष्ट आज लिहिते.

इथल्या पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात यंत्रात सापडून एका कामगाराची बोटं गेली. मामा सुपरवायझर, म्हणून निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. त्याचं अन्नपाणीच सुटलं.

वकीलबाई बेळगावकडच्या. जामिनाच्या दिवशी त्यांनी आम्हाला आधी कोर्टासमोरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या छोट्या हॉटेलात, नेलं आणि मामापुढे इडली सरकवली.

"खावा, अण्णा."

"घशाखाली उतरत नाही. गुन्हा कबूल करून मोकळा होतो."

"चूक केलात काय तुम्ही?"

"यंत्राची जाळी काढू नको म्हणून बजावलं होतं मी त्याला. पण त्याची बोटं गेली ना!"

"वाईट वाटणं वेगळं, गुन्हा वेगळा. उपाशी माणसाला दोन्ही एकच वाटतंय. स्वल्प चटणी घ्या."

पुढे प्रत्येक तारखेला हेच. मामाची बशी रिकामी झाल्यावरच त्या काळा कोट चढवत. त्या कामगाराची उलटतपासणी घेतानाही त्यांचा आवाज चढला नाही. आधी त्यांनी त्याला बसायला खुर्ची मागितली, मग जाळीबद्दल विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "काढू नको म्हणून साहेबांनी सांगितलं होतं. मीच काढली."

मामा निर्दोष सुटला. त्या कामगाराला भेटायला तो अजूनही जातो.