पहिला आकडा

शालिमार चौकाजवळ इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे पार्ट विकणाऱ्या या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या गुलाबांच्या पॉलिहाउसमधलं तापमान एक सर्किट बोर्ड लॅपटॉपला पाठवतो आणि स्क्रीनवर त्याची रेघ उमटते. ती सुरू होतानाच तळाला आपटायची, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कोडमध्ये एक ओळ घातली.

"पहिला आकडा धरायचाच नाय, भाऊ. तो अर्धवट येतो. सत्तावीसातला दोन गळतो, नुसता सात हाती लागतो."

नंतर कुणाचीही रेघ बिघडली, की त्यांचं हेच वाक्य ठरलेलं.

श्रावणात आपल्या बायकोच्या तपासणीचा वाईट रिपोर्ट मला दाखवतानाही ते म्हणाले, "पहिलाच आहे. धरायचा नाय." मी मान डोलावली. ते मला अजून खुपतं. दुसऱ्या लॅबचा रिपोर्टही तसाच आला.

परवा नवा बोर्ड घेऊन गेलो. रेघ पुन्हा तळाला आपटली. मी त्यांच्या वाक्याची वाट पाहिली. चष्मा डोळ्यांवरच राहिला.

"राहू द्या, भाऊ," ते म्हणाले. "आलाय, म्हणजे खराच असेल."