मेट्रोच्या वाटेवरची जंगली बाग

प्रत्येक शहराच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, जेव्हा ते जमीन सोडून हवेतून चालू लागतं. नाशिकच्या आयुष्यात तो क्षण कागदावर येऊन काही वर्षं झाली. शहर तेव्हा बहुधा सिग्नलला उभं असावं, कारण आम्ही सगळे अजून खालीच आहोत.

मेट्रो आली नाही. पण न आलेल्या मेट्रोलाही मार्ग असतो, त्यावर स्थानकं असतात. शिवाय हा मार्ग शहराच्या हद्दीबाहेर आणखी पुढे नेणार, अशी बातमी आमच्या पंचवटीच्या भाजीबाजारापर्यंत केव्हाच पोचली होती. मूळ नसलेला विस्तार दिसतो तरी कसा, ते पाहावं म्हणून भाद्रपदातल्या एका ढगाळ सकाळी मी घराबाहेर पडलो. जवळ छत्री होती. पायांत चपला होत्या, ही चूक होती.

सीबीएसवरून सिटी बस मिळाली. गंगापूर रोडला लागल्यावर खिडकीतून फलक दिसू लागले. पहिल्या गृहसंकुलाच्या फलकावर ‘मेट्रोपासून दहा मिनिटांवर’ असं लिहिलं होतं. पुढच्यावर ‘मेट्रोपासून पायी’. त्याही पुढे ‘मेट्रो तुमच्या दारात’. शहरापासून जितकं लांब जावं तितकी मेट्रो जवळ येत होती. शेवटच्या इमारतीने तर तळमजल्यावरची दुकानं स्थानकाकडे तोंड करून बांधली होती. शटरं बंद होती. समोर शेत होतं, शेतात पाणी साचलं होतं आणि त्यात एक बगळा प्रवाशाच्या सहनशीलतेने उभा होता.

बसचा शेवटचा थांबा आला. तिथून पुढे शेअर रिक्षा जातात. एक रिक्षावाला ओरडत होता, “चला मेट्रो, मेट्रो! एक सीट मेट्रो!”

मी जाऊन बसलो. चालवणारे सलीमभाई मूळचे मालेगावचे. माग बंद पडल्यावर इकडे आलेले. रिक्षा सुटली तशी मी विचारलं, “मेट्रो म्हणजे नक्की कुठे?”

“मेट्रो नाय साहेब, मेट्रोचा स्टॉप हे,” ते म्हणाले. “तिथं बोर्ड लागला होता. मागच्या वादळात बोर्ड गेला, नाव राहिलं. आता नवीन पोरांना जुनं नाव सांगा, कोणाला कळत नाय.”

“जुनं नाव काय होतं?”

त्यांनी एका खड्ड्याला वळसा घातला. “आता मलाबी आठवंना.”

माझ्या शेजारी कोथिंबिरीच्या जुड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्या सलीमभाईंना म्हणाल्या, “भाऊ, मला मेट्रोच्या अलीकडं सोडा. चिखल हे तिथं.”

त्या म्हणाल्या ते खरं निघालं. मेट्रोच्या स्टॉपवर एक वडाचं झाड, एक टपरी आणि घोट्यापर्यंत चिखल एवढंच होतं. उतरताना माझी डावी चप्पल त्यात राहिली. ती उपसून मी टपरीच्या बाकावर बसलो आणि पाववडा मागवला (मुंबईचा वडा पावाच्या आत बसतो, इथे पावालाच भाजीसकट बेसनात बुडवून तळतात). तो कालच्या तेलातला असावा. चहा मात्र चांगला होता. विस्ताराच्या नावाने त्या दिवशी चांगली निघालेली ती पहिली गोष्ट.

“विस्तार बघायला आलात?” रिक्षा लावून चहाला आलेले सलीमभाई हसले. “मग नामदेवतात्यांकडं जा. त्यांच्या बागेत मेट्रोच्या खुंट्या ठोकल्यात. इथून मागं, कालव्याच्या कडेनं. द्राक्षाची बाग विचारा.” मग म्हणाले, “बाग म्हणजे… बघालच.”

कालव्याच्या कडेने गेलो. दोन्हीकडे द्राक्षांचे मंडप होते. लोखंडी अँगल, त्यावर ताणलेल्या तारा, तारांवर हिरवं छत. नामदेवतात्यांच्या मंडपाखाली मात्र सरळसोट काटक्यांसारखे वेल बांबूला बांधून उभे होते. पानं वेगळीच, रुंद, थोडी खरखरीत. फळाची काही खूण नाही.

साठीच्या पुढचे तात्या बांधावरच भेटले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात छत्री. मी शहरातून मेट्रो बघायला आलो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. गेल्या कित्येक महिन्यांत असा माणूस त्यांना भेटला नसावा.

“या, या. दाखवतो.” त्यांनी मला ओळींमधून तिरकं नेलं. गवतात लाल रंग लावलेली एक लाकडी खुंटी होती. पुढे दुसरी. “हा एक खांब. हा दुसरा. गाडी अशी वरून जाईल.” त्यांनी छत्रीने हवेत रेघ ओढली. आम्ही दोघांनीही वर पाहिलं. वर ढग होते.

मी वेलांबद्दल विचारलं. जुनी बाग म्हातारी झाली म्हणून त्यांनी ती तोडली, त्याच सुमारास खुंट्या आल्या. मग जमीन तशीच ठेवली. जाणारच आहे तर लावायचं कशाला? यंदा माघात मात्र बायकोच्या हट्टाने जंगली रोपं लावली. जंगली म्हणजे खालचं मूळ. ते जमिनीत रुजतं, ताण सोसतं, पण त्याला खाण्याजोगं द्राक्ष येत नाही. भाद्रपदाच्या सुमारास त्यावर चांगल्या जातीच्या काडीचं कलम भरतात, तेव्हा कुठे ती बाग होते. जंगली लावायला तात्यांनी हो म्हटलं, कारण रोपं उभी असली की मोजणीच्या वेळी फळबाग दिसते आणि मोबदला वाढतो. कलमाला मात्र ते तयार नव्हते.

“कलम भरायचं, बांधायचं, दोन वरसं लेकरासारखं सांभाळायचं. आन् घड लागायच्या येळंला गाडी येणार.” ते म्हणाले. “मग कशाला?”

“आणि कलम भरलंच नाही तर?”

“खोड जाड होतं. मंग पुढच्या वरसाला खालून कापा, परत फुटवा यायची वाट बघा.”

हे बोलत असतानाच शेजारच्या बागेतून लताबाई आल्या. तात्यांची बायको. पदर खोचलेला, हातात ओलं पोतं. त्यात काड्या होत्या. भावाच्या बागेतून मागून आणलेल्या. त्यांच्या मागे चार कलमवाले होते, कमरेला चाकू आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांचं बंडल लावलेले. ही माणसं पेठ-सुरगाण्याकडून टोळीने येतात आणि भाद्रपदभर बागांतून फिरतात. शेजारचं काम सकाळीच आटोपलं होतं. संध्याकाळी त्यांना वणीकडे निघायचं होतं. मधली दुपार मोकळी होती. यंदा ही बाग भरली जाणार असेल तर ती आत्ताच.

“अहो, मी ह्यांना बोलवलंय,” लताबाई म्हणाल्या.

“कोणाला इचारून?”

“बागेला इचारून. ती हो म्हणाली.”

कलमवाले हसले. तात्या हसले नाहीत. “उद्या मोजणी आली तर?”

“आली तर च्या पाजू. चार वरसं तुमी रस्त्याकडं बघताय. मोजणीवाला सोडा, पोस्टमनबी आला नाय.”

“तुला कळत नाय, लता.”

“मला एवढं कळतंय, की ह्या लोकांचा हात पुढच्या वरसापत्तोर आपल्याला मिळणार नाय. आन् ह्या काड्या उद्यापत्तोर वाळतील.”

टोळीचा मुकादम काशीनाथ बांधावर उकिडवा बसला. “ताई, तुमी ठरवा. आमी बसतो घटकाभर. पण घटकाभरच.”

तेवढ्यात तात्या माझ्याकडे वळले. “साहेब, तुमी शिकलेले. शहरात राहता, पेपर वाचता. तुमीच सांगा. येणार का न्हाई मेट्रो?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. इतका वेळ मी गंमत बघत होतो. आता एका बागेचं वर्ष माझ्या तोंडातून निघणाऱ्या शब्दावर अडलं होतं. ‘नाही’ म्हणावं तर उद्या खरोखर कोणी टेप घेऊन आलं तर? ‘हो’ म्हणावं एवढी माझी श्रद्धा नव्हती. मी जे खरं होतं तेच बोललो. “मला माहीत नाही.”

“बघ,” तात्या म्हणाले, “नाय येणार असं नाय म्हणाले.”

“येणार असंबी नाय म्हणाले,” लताबाई म्हणाल्या.

इतका निरुपयोगी प्रामाणिकपणा मी यापूर्वी कधी पाहिला नव्हता.

जेवायची वेळ झाली. ओसरीवर लताबाईंनी सगळ्यांना शेंगोळे वाढले (कुळथाच्या पिठाचे वळून तिखट रश्शात शिजवलेले तुकडे), सोबत बाजरीची भाकरी. एरवी मी दोनदा वाढून घेतलं असतं. तात्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली. काशीनाथने हात धुतले, आभाळ बघितलं आणि विचारलं, “मंग, तात्या?”

तात्या म्हणाले, “पुढच्या वरसाला बघू.”

टोळी निघून गेली. टेम्पोचा आवाज कालव्याच्या वळणापर्यंत ऐकू आला.

लताबाईंनी घरातून भाजी चिरायची सुरी आणली, ती उंबऱ्यावर घासली, पोतं उचललं आणि बागेत गेल्या. पहिल्या ओळीच्या पहिल्या रोपाशी बसून त्यांनी शेंडा छाटला, मधोमध चीर पाडली, काडीचं टोक पाचरीसारखं तासलं. त्यांचा हात या कामाचा नव्हता, ते मलाही दिसत होतं. काडी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली. मग बांधायला काही नाही हे त्यांच्या लक्षात आलं. पट्ट्या टोळीबरोबर गेल्या होत्या.

बराच वेळ तात्या बांधावरून बघत होते. मग ते घरात गेले आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या घेऊन आले. खाली बसून कात्रीने त्यांच्या लांब पट्ट्या कापू लागले. एक पट्टी पुढे केली. लताबाईंनी ती वर न बघता घेतली.

“घट्ट बांध,” तात्या म्हणाले. “पानी शिरंल.”

“कळतं मला.”

मी निरोप घेतला तेव्हा अर्धी ओळ झाली होती आणि पोत्यातल्या काड्या संपत आल्या होत्या. दोघांपैकी कोणी उठलं नाही. तात्यांनी नुसता हात वर केला.

परतीच्या बसमध्ये तेच फलक उलट्या क्रमाने आले आणि मेट्रो हळूहळू माझ्यापासून लांब जात गेली. बाहेर भुरभुर लागली होती. मनात विचार आला, की शहर असंच पसरत असतं. आधी त्याचं नाव पोचतं, मग खुंटी, मग वाट पाहणं. आणि रूळ येतील न येतील, वाट पाहणं मात्र वेळेवर पोचतं. मागाहून त्याच्यावर कलम करायला कोणीतरी साधी सुरी घेऊन बसतं आणि दुसरं कोणीतरी, पटलेलं नसतानाही, पट्ट्या कापून देतं. हे काही कमी नाही, असं वाटून मला जरा बरंही वाटलं. हे बरं वाटणं घराच्या गल्लीपर्यंत टिकलं.

सणासुदीचे दिवस गेल्यावर मी तात्यांना फोन केला. कलमं फुटली का, विचारलं.

“दोन फुटली,” ते म्हणाले. “बाकीची वाळली.”

“मग त्या दोन्हींचं काय करणार?”

“लता रोज पानी घालती.” मग म्हणाले, “मी मोजून बघितलं साहेब. दोन्ही मेट्रोच्या पार्किंगमधी येतात.”